अडीच तासांचा समुद्र

“विमानाला इथून मस्कतपर्यंत किती वेळ लागतो?” उशीला टेकून बसलेल्या झुवैनाखालांनी मला विचारलं.

“अडीच तास, खालती.”

“मधे कुठे उतरतं?”

“कुठेच नाही. मधे नुसता समुद्र. सरळ जातं.”

परीक्षेत मी बरोबर उत्तर दिल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. खाटेजवळच्या खुर्चीत त्यांचा मुलगा खल्फान बसला होता. तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला.

“येताना विमानातही हेच विचारत होती,” तो हळू आवाजात म्हणाला. “वय झालंय. विसरते.”

मलाही तेव्हा तसंच वाटलं. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

मी त्या वेळी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात दुभाषी होते. ओमान, येमेन, इराककडून पेशंट यायचे. त्यांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं त्यांना, हे माझं काम. मी मूळची हर्णैची, परकारांची मैमूना. माझे अब्बा कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचे, त्यामुळे माझं लहानपण तिकडेच गेलं. नव्वद साली लढाई पेटली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी परत आलो. घर गेलं, सामान गेलं, अब्बांची नोकरी गेली. माझ्या तोंडातली अरबी तेवढी कोणाला काढून घेता आली नाही. पुढे तिच्यावरच माझं घर चाललं.

झुवैनाखाला मस्कतच्या बंदराला लागून असलेल्या मत्रा गावच्या. सत्तरीच्या आसपासच्या, अंगाने वाळलेल्या, पण नजर अशी की समोरच्याने आपोआप सावरून बसावं. ‘खालती’ म्हणजे माझी मावशी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. खल्फान त्यांचा एकुलता एक मुलगा. तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचा. पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्यावर नक्षीची गोल टोपी, आणि सदा काहीतरी हरवल्यासारखा चेहरा. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं. हिंदीचे ‘अच्छा’, ‘जल्दी’ असे चार शब्द बाजारात ऐकून ठाऊक, त्यापलीकडे नाही. त्यामुळे त्याचं सगळं माझ्यावाचून अडायचं. तो मला ‘उख्ती’ म्हणायचा. उख्ती म्हणजे बहीण.

चौथ्या दिवशी डॉक्टर पळसुल्यांनी खल्फानला आपल्या खोलीत बोलावलं.

“मैमूनाताई, यांना नीट सांगा. घाई करू नका,” ते आधीच मला मराठीत म्हणाले, आणि मग सांगू लागले. गाठ यकृतात होती. तिथून ती फुप्फुसांत पोचली होती. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. आता काही आठवडे, फार तर महिना दोन महिने. त्रास कमी करणं एवढंच हातात होतं.

असं काही सांगायची वेळ आली की मी डॉक्टरांनी वापरले तेवढेच शब्द वापरते. कमी केले तर ते खोटं होतं, वाढवले तर समोरच्याला उगाच जास्त लागतं. मी सांगत होते आणि खल्फान माझ्या ओठांकडे बघत होता. संपल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

“आईला यातलं काही कळता कामा नये,” तो म्हणाला. “तिला सांगायचं, काळजाशी सूज आहे. औषधाने उतरेल.”

मी ते डॉक्टरांना सांगितलं.

“दुसरं कुठलं औषध नाही का? काहीतरी असेलच,” खल्फानने विचारलं.

“आहे. पण उपयोग होण्याची शक्यता फार थोडी, आणि त्यांना त्रास बराच होईल.”

“सुरू करा.”

डॉक्टर म्हणाले, “त्यांना स्वतःला काय हवंय?”

मी विचारलं. खल्फान उठून उभा राहिला होता.

“माझ्या आईला मी हवाय,” तो म्हणाला. “आणि मी तिला बरी करून नेणार आहे.”

मग ते औषध सुरू झालं. दुभाष्याने कोणी न विचारलेलं सांगायचं नसतं, म्हणून मीही ती सूज घेऊन झुवैनाखालांच्या खोलीत जाऊ लागले. सूज जरा उतरतेय, खालती. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. त्या ऐकून घ्यायच्या, “इन्शाल्ला” म्हणायच्या, आणि माझ्या हातावर हात ठेवायच्या.

खल्फानची मात्र धावपळ बघवत नसे. सकाळी आईला स्वतःच्या हाताने पेज भरवायचा. मग तिचे रिपोर्ट घेऊन शहरातल्या आणखी कुठल्या कुठल्या डॉक्टरांकडे जायचा. दुपारी घामाघूम होऊन परत यायचा आणि दारातच चेहरा पुसून, हसरा करून आत शिरायचा. “यम्मा, आज रंग बराय तुझा!” त्या म्हणायच्या, “हो रे, आज बरं वाटतंय.” आणि त्याची पाठ वळली की मागे भिंतीला डोकं टेकायच्या.

एकदा विमलमावशी चादर बदलत होत्या. विमलमावशी त्या मजल्यावरच्या जुन्या आया, मनाने चांगल्या, पण तोंडाला कुलूप नाही. त्या माझ्याशी बोलता बोलता, सवयीने, हिंदीतच म्हणाल्या, “बिचारी को पता भी नहीं, थोड़े दिन की मेहमान है.” मी डोळे वटारले. झुवैनाखाला तसबीचे मणी ओढत होत्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

औषधाने व्हायचं तेच झालं. अन्न जाईना. छातीत पाणी झालं, ते काढावं लागलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मुलाला म्हणाल्या, “खल्फान, घरी जाऊ या.”

“सूज उतरली की लगेच, यम्मा.”

त्याने डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टरांनी आहे ते सांगितलं. विमानात हवा विरळ असते. यांची छाती ही अशी. अडीच तास नीट निघतील याची खात्री देता येत नाही. हे ऐकताना खल्फानच्या चेहऱ्यावर दुःख दिसायला हवं होतं, पण मला तिथे सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

“ऐकलंस?” बाहेर आल्यावर तो मला म्हणाला. “डॉक्टरच नको म्हणतायत.” मग तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. “माझी आजीसुद्धा उपचारांसाठी मुंबईला आली होती, उख्ती. आई तेव्हा लहान होती. आजी इथेच गेली. इथल्याच कुठल्या तरी कब्रस्तानात आहे. कुठल्या, ते आईला आठवत नाही. आईचं मी तसं होऊ देणार नाही. ती बरी होऊन, स्वतःच्या पायांनी विमानात चढेल.”

त्या शुक्रवारी दुपारी खल्फान जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि मी खालांजवळ बसले. खोलीत आम्ही दोघीच. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“बेटी, दरवाजा बंद कर.”

मी उठून दार लावलंसुद्धा, आणि मग हात कडीवर असतानाच माझ्या ध्यानात आलं. त्या अरबीत बोललेल्या नव्हत्या. ती हिंदी होती, डोंगरीकडची, मुंबईची जुनी हिंदी. माझी नानी मुंबईत आली की भाजीवाल्याशी अशीच बोलायची.

“खालती, तुम्हाला हिंदी येते?”

“मसजिद बंदर में रहते थे हम. बाप का खजूर का काम था.” शब्द जुने होते, गंज चढलेले. एकेक शोधून, पुसून पुढे ठेवावा तसं त्या बोलत होत्या. “बचपन में. फिर नहीं बोली. लेकिन समझती हूँ. सब समझती हूँ.”

मी खाटेच्या कडेला बसले. विमलमावशींचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. खाटेपाशी उभं राहून सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर रोज हिंदीत जे बोलत, तेही सगळं. आणि मी रोज येऊन सूज उतरतेय म्हणून सांगत होते.

“मला माफ करा, खालती.”

“कशाबद्दल?” आता त्या अरबीत बोलू लागल्या. “तू तुझं काम केलंस. ऐक. खल्फानला हे सांगायचं नाही. त्याचा बाप गेला तेव्हा तो एवढासा होता. तेव्हापासून रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरून बघायचा, श्वास चाललाय ना म्हणून. आज तो डॉक्टर शोधतो, औषधं शोधतो, म्हणून तर उभा आहे. मला सगळं माहीत आहे असं कळलं, तर माझ्यासमोर बसेल कसा तो?”

“मग मी काय करू?”

“डॉक्टरला बोलाव. माझं मी बोलते.”

डॉक्टर पळसुले आले. झुवैनाखालांनी ओढणी सारखी केली आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “डॉक्टरसाब, मेरे को घर जाने का है. और ये दवा बंद करो. बहुत हुआ.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तिथे काही कामच नव्हतं. मग ते स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि विमानातल्या धोक्याचं सगळं त्यांना समजावून सांगितलं, काही न लपवता.

“रास्ते में कुछ भी हो सकता है, अम्मा.”

“यहाँ नहीं हो सकता?”

डॉक्टर खिन्नपणे हसले. “हो सकता है.”

“तो फिर?”

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, नाडी बघायला घेतात तसा नाही, नुसताच. प्रवासाचा दाखला देतो, म्हणाले. बरोबर प्राणवायू आणि एक सिस्टर हवी. “लेकिन आपके बेटे से मैं झूठ नहीं बोलूँगा.”

“झूठ मत बोलो,” खाला म्हणाल्या. “कम बोलो.”

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, “खालती, तुम्ही विसरत नाही काही. मग रोज विमानाचा वेळ का विचारता?”

त्या काही बोलणार तोच व्हरांड्यात खल्फानच्या चपलांचा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे अरबीत पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खल्फानला सांगितलं आणि ते मलाच त्याला सांगावं लागलं. “तुमच्या आईने मला स्वतः सांगितलंय. त्यांना घरी जायचंय आणि हे औषध नकोय. त्यांच्या इच्छेविरुद्ध मी काही करणार नाही.”

खल्फान डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे वळला. “तिने सांगितलं? तिला विचारलं कोणी? तू आजाराचं सांगितलंस तिला!”

“नाही. आजाराचा एक शब्दही मी त्यांना सांगितलेला नाही.”

ते खरं होतं, आणि तरीही ते मला नीट उच्चारता येईना. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

“मी तुला बहीण म्हणत होतो,” एवढंच तो म्हणाला.

सगळं जिभेवर आलं होतं. मी गिळलं. तो तडक आईच्या खोलीत गेला. मी दारातच थांबले.

“यम्मा, डॉक्टर म्हणतात तू...”

झुवैनाखालांनी त्याला जवळ बसवलं. “अरे, गोळ्या काय घरीही घेता येतात. सूज मत्र्याच्या हवेतसुद्धा उतरेल. इथलं अन्न मला गोड लागत नाही, बाळा. ने मला.”

तो किती तरी वेळ त्यांचा चेहरा न्याहाळत होता. हिला काही कळलंय का, हे शोधत होता. त्या चेहऱ्यावर काही सापडण्यासारखं त्यांनी ठेवलंच नव्हतं. शेवटी त्याने मान हलवली.

विमान दुपारचं होतं. इस्पितळाने सिस्टर गावितांना पाठवलं. त्या नवापूरकडच्या, कमी बोलणाऱ्या, हाताला अतिशय शांत. त्यांना अरबी येत नव्हती, म्हणून मीही बरोबर. मागच्या रांगांतल्या खुर्च्या दुमडून त्यावर स्ट्रेचर बसवलं होतं, भोवती पडदा. खल्फान आईच्या उशाशी, खिडकीला लागून. माझ्याशी तो बोलत नव्हता. काही हवं असलं की सिस्टरांकडे बघून खुणा करायचा.

मुंबई खाली राहिली आणि समुद्र सुरू झाला. पहिला तास बरा गेला. झुवैनाखाला डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ हलत होते. मग त्यांचा श्वास बदलला. आधी आखूड झाला, मग खरखरू लागला. सिस्टर गावितांनी उशाकडची बाजू उचलली, प्राणवायू वाढवला, बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. खालांच्या नखांखाली निळं दिसू लागलं होतं.

खल्फान ताडकन उभा राहिला. “डॉक्टर! बॅक! हॉस्पिटल!” त्याला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी तो ओरडत होता. पुढच्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली. हवाईसुंदरी धावत आली, परत गेली, आणि कॅप्टनशी बोलून आली.

“कॅप्टन साहब पूछ रहे हैं, मुंबई लौटना है क्या?” तिने मला विचारलं. “हम लगभग बीच में हैं. दोनों तरफ़ उतना ही वक़्त लगेगा. जल्दी बताइए.”

मी खल्फानला सांगितलं.

“मागे!” तो म्हणाला. “मागे फिरवायला सांग. तिथे तिचे डॉक्टर आहेत. सांग ना!”

मी हवाईसुंदरीकडे वळले. त्याने सांगितलेलं तिला सांगणं हे माझं काम होतं. आयुष्यभर मी दुसरं काही केलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि आवाज फुटेना.

तेवढ्यात झुवैनाखालांचा हात वर आला. त्यांनी नाकावरचा मास्क बाजूला ओढला.

“पीछे नहीं,” त्या म्हणाल्या. “आगे चलो.”

हवाईसुंदरी खाली वाकली. “माँजी?”

“मेरा घर उधर है. आगे.”

खल्फान आईकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा. “काय म्हणाली ती?” त्याने मला विचारलं. आपल्या आईच्या बोलण्याचा अर्थ त्याला मला विचारावा लागत होता.

“मागे नको, म्हणाल्या. माझं घर पुढे आहे.”

सिस्टर गावितांनी मास्क पुन्हा बसवला. नजर त्या यंत्रावर. “प्राणवायू चढतोय,” त्या मला मराठीत म्हणाल्या. “हळूहळू चढतोय. पुढे जायला हरकत नाही, ताई. त्यांना तेच हवंय ना?” मी हवाईसुंदरीला मान हलवून सांगितलं. ती गेली.

खल्फान मटकन खाली बसला. “तुला ती भाषा कुठून आली, यम्मा?”

त्यांनी श्वास जमवला. मग मास्क थोडा उचलून, एकेक वाक्याला थांबत, त्या अरबीत बोलू लागल्या. मधे मधे सिस्टर मास्क खाली ओढायच्या, त्या पुन्हा वर करायच्या.

“तुझी आजी मुंबईत नाही, खल्फान.”

“म्हणजे?”

“आम्ही मुंबईत राहत होतो. ती आजारी पडली. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. ती म्हणाली, मला मत्र्याला न्या. माझ्या बापाने गलबतावर जागा मिळवली. निघालो तेव्हा वारा चांगला होता. मग पडला. समुद्र तेलासारखा झाला. शीड नुसतं लोंबत होतं. रोज सकाळी आई विचारायची, किती राहिलं? बाप म्हणायचा, आलंच. मी नाखव्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, वारा सुटला तर दोन दिवस.”

त्या थांबल्या. सिस्टरांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनीही मास्क तसाच राहू दिला.

“वारा सुटला नाही. ती गेली. बापाने तिला समुद्राच्या पाण्याने आंघोळ घातली. चार माणसांनी नमाज पढली. पायांशी दगड बांधला. बापाने पाय धरले, नाखव्याने डोकं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला.”

खल्फानने खिडकीतून खालच्या पाण्याकडे बघितलं.

“तू लहानपणी विचारायचास, आजी कुठे आहे. एवढ्याशा मुलाला समुद्र कसा सांगायचा? मी मुंबईची कबर सांगितली. आणि ती भाषा पुन्हा बोलले नाही. बाजारात कानावर पडायची, मी न कळल्यासारखं करायची.” त्यांनी त्याच्या मनगटाला हात लावला. “तिला दोन दिवस मिळाले नाहीत रे. मला अडीच तास पुरे होते.”

“आणि तुझा आजार?” त्याचा आवाज फुटला. “तो कधीपासून...”

“पहिल्यापासून. हिने नाही सांगितलं. ती खोलीत चादरी बदलणारी बाई बोलली, डॉक्टरांची पोरं बोलली. मला कळत होतं.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तू दारात चेहरा पुसून आत यायचास. ते मी कसं मोडणार होते?”

खल्फानने आईचा पंजा उघडला आणि त्यात कपाळ ठेवलं. विमानात माणूस मोठ्याने रडत नाही. त्याची पाठ तेवढी हलत होती. आई दुसऱ्या हाताने त्याची टोपी चाचपत होती. जरा वेळाने त्याने डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघून नुसतं “उख्ती” म्हणाला. मी मान हलवली.

स्ट्रेचरवरून त्यांना खिडकी दिसत नव्हती. उरलेल्या वाटेवर खल्फान काचेला नाक लावून बसला आणि आईला बाहेरचं सांगत राहिला. समुद्र, यम्मा. अजून समुद्र. एक जहाज दिसतंय, मोठं आहे, तेलाचं असेल. आता ढग. पुन्हा समुद्र. त्याच्या आवाजात आता सूज उतरवणारा तो खोटा उत्साह नव्हता. मग तो एकदम थांबला.

“काय?” त्यांनी विचारलं.

“डोंगर,” तो म्हणाला. “आपले. तपकिरी.”

झुवैनाखालांनी डोळे मिटले. विमान टेकलं तेव्हा सिस्टर गावितांच्या तोंडून “येशू” असं पुटपुटणं मी ऐकलं. दार उघडलं, भट्टीतल्यासारखी हवा आत आली, आणि मास्कच्या आतसुद्धा झुवैनाखाला हसल्या ते दिसलं.

ती रात्र सिस्टर आणि मी त्यांच्याच घरी काढली. सकाळी निघताना बघितलं, तर खाट ओटीवर आणलेली, भोवती नाती, सून, शेजारणी. खल्फान उशाशी बसून आईला काही तरी सांगत होता, हातवारे करत, मधेच थांबत. डॉक्टरांनी त्या पहिल्या दिवशी खोलीत जे सांगितलं होतं, ते तो तिला आता स्वतः सांगत होता. मधे कोणी दुभाषी नव्हता. मी दुरूनच हात हलवला आणि निघाले.

त्यांनी पुढे रमजानचा चाँद पाहिला. ईद नाही पाहिली. खल्फानचा फोन आला, सकाळच्या वेळी, सगळे जवळ असताना गेल्या. गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या वडिलांच्या शेजारी पुरलं.

मग बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी मी इस्पितळाच्या व्हरांड्यात असताना पुन्हा त्याचा फोन आला. मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती.

“उख्ती, मी बोटीवर आहे. मुलींना घेऊन आलोय. फार आत नाही, फोन लागायला हवा म्हणून. आजीसाठी आलोय. तिच्या जनाज्याची नमाज चारच माणसांनी पढली होती ना. म्हटलं, आता आपण जाऊ.”

“जागा?” मी विचारलं.

“जागा कशी कळणार? मी एवढी वर्षं मुलांना नकाशे शिकवतो, पण ही खूण कुठल्या नकाशावर सापडायची?” तो जरासा हसला. “पण पाणी एकच आहे. या टोकाला आम्ही आहोत, त्या टोकाला तू. तूही दुआ कर.”

पलीकडे इंजिन बंद झालं. बोटीच्या कडांना लागणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागला, आणि मग त्याच्या मुलींचे बारीक आवाज. मी फोन बाकावर ठेवला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे, हात उचलले. विमलमावशी चादरींची गाडी ढकलत येत होत्या. त्या थांबल्या. कोणासाठी, काय, एक शब्द विचारला नाही. गाडी बाजूला लावून त्याही माझ्या शेजारी हात जोडून उभ्या राहिल्या.